काढलेली जवारी

पुण्यातल्या एका संगीत संस्थेच्या चार तंबोऱ्यांचं काम केलं होतं. बिलावर आमच्या धंद्यात लिहितात तसंच लिहिलं : ‘तंबोरे 4. जवारी काढणे, तारा बदलणे.’ पैसे यायचं नाव नाही. मग एक दिवस तिथल्या कचेरीतून फोन आला. लेखापरीक्षकांनी शेरा मारला होता : काढलेल्या जुन्या तारा जमा आहेत, काढलेली जवारी भांडारात जमा झाल्याची नोंद दिसत नाही. फोनवरचे गृहस्थ अगदी सज्जन. म्हणाले, “मोडकी असली तरी चालेल हो. वस्तू दिसायला पाहिजे. डेडस्टॉकला चढवतो आणि मग राइट ऑफ करून टाकतो.”

मी दुसरं बिल करून दिलं, ‘घोडीची दुरुस्ती’ म्हणून. चेक लगेच आला. मिरजेला गेल्यावर दुकानात ही हकिकत सांगितली तर हसून हसून सगळ्यांच्या हातातली कामं थांबली. पण त्या लेखापरीक्षकाचं चुकलं असं काही मला म्हणवत नाही. काढलं म्हटलं की काहीतरी निघालं पाहिजे. दात काढला, काटा काढला, खिळा काढला, की वस्तू हातात येते. त्यानं तेवढीच मागितली. मात्र आपण चित्रही काढतो आणि आवाजही काढतो, आणि तिथं काढण्याआधी वस्तू नसतेच. जवारी यांतल्या कुठल्या बाजूची, हे इतकी वर्षं कानस हातात धरूनही मला एका दमात सांगता येणार नाही.

तंबोरा ज्यांनी रंगमंचावर लांबूनच पाहिला असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ तबली बसवलेली असते. तिच्यावर घोडी उभी असते आणि चारही तारा घोडीच्या पाठीवरून जातात. व्हायोलिनच्या घोडीला वर धार असते. तार एका रेषेवर टेकते आणि सुटते. तंबोऱ्याच्या घोडीची पाठ चांगली दोन-अडीच बोटं रुंद, आणि बघणाऱ्याला सपाट वाटते. हात फिरवला तरी सपाटच लागते. प्रत्यक्षात तिला कळेल न कळेल असा उतार दिलेला असतो. तार त्या उतारावरून हळूहळू सुटत जाते. छेडल्यावर ती नुसती हवेत हलत नाही, दर हेलकाव्याला पाठीला चाटून जाते, आणि तिची टेकायची जागा पुढंमागं सरकत राहते. तंबोऱ्याचा तो भरून राहणारा झंकार या चाटण्यातून येतो. त्यालाही जवारी म्हणतात, आणि ज्या पाठीवर तो साधतो तिलाही जवारीच म्हणतात. वर तार आणि पाठ यांच्यामध्ये सुताचा एक तुकडा सरकवायचा. तो केसभर पुढं गेला की आवाज मिटतो, केसभर मागं आला की खुलतो.

आता ही तार रोज तासन् तास त्याच जागेवर चाटत राहिली तर काय होणार? पोलाद ते पोलाद. हाड असो, शिसव असो, पाठीवर तारेखाली बारीक खाच पडते. तार खाचेत बसली की तिला मोकळेपणानं सुटता येत नाही. मग आवाज एक तर मुका होतो किंवा चरचरायला लागतो. गवई म्हणतात, जवारी गेली. कुणी म्हणतं बसली, कुणी म्हणतं उतरली. आणि ती परत आणायची म्हणजे घोडीला काही लावायचं नाही, खाचेत काही भरायचं नाही. फक्त घासायचं. खाच जाईल इतकं, आणि उतार पुन्हा जमेल इतकं. खाली निघतो तो चिमूटभर भुगा. म्हणजे लेखापरीक्षकांना अगदी द्यायचंच झालं असतं तर पुडी बांधून तेवढा देता आला असता.

मी हे काम मिरजेत शिकलो. सतारमेकरांच्या घरांत सांगतात, की त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारी आणि भाले करणारे, त्यांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस संपले तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोहिनुद्दीन हे त्यांच्यातले दोघं वाद्यांकडं वळले. पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडं मिरजेतच शिकले, अब्दुल करीम खाँसाहेब तर 1937 साली गेल्यावर मिरजेच्या दर्ग्यातच विसावले. एवढे कान गावात असल्यावर वाद्य करणाऱ्याला ढिलाई परवडणार नव्हती. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंद आहे. पण मला त्या सगळ्या इतिहासात शिकलगारच जास्त जवळचे वाटतात. धार लावतात म्हणतो आपण, पण लावत काहीच नाहीत, लोखंड घासून कमी करतात. आम्ही जवारी काढतो म्हणतो, आणि करतो तेही तेच. क्रियापदं उलटसुलट, हाताखाली निघतो तो कीस सारखाच.

माझ्या उस्तादांना सगळे चाचाच म्हणत. शिकवायची त्यांची तऱ्हा म्हणजे न शिकवण्याची. सुरुवातीला मला घोडीला हातच लावू दिला नाही. खुंट्या घासा, मणी ओवा, भोपळे उन्हात ठेवा आणि उन्हातून काढा. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून यायचे. ते वाळले की टिचकी मारून बघायचं. या टिचक्यांत कान तयार होतो, हे मला फार उशिरा कळलं. एकदा मात्र त्यांनी जवारी काढताना मला समोर बसवलं आणि म्हणाले, “आता बघू नको. डोळं मिट आणि सांग कानस कुठल्या तारंखाली चाललीय.” कानशीचा आवाज खाचेवरून जाताना अडखळतो आणि खाच संपली की सरळ होतो. एवढंच त्यांना मला ऐकवायचं होतं.

काम असं चालतं. तारा सैल करून घोडीच्या कडेला सारायच्या. घोडी उजेडाकडं तिरकी धरून पाठीवर नजर टाकायची. तारांच्या चार रेघा चकाकतात. खर्जाखालची सगळ्यात रुंद, कारण ती तार पितळेची आणि जाड. मग कानस, तीही आडवी धरून, अंगठा पाठीवर टेकवून. मी कानशीचे दोन-चार फटके मारतो आणि थांबतो. तारा परत जागेवर, ताण, सूर, सूत, कान. पुन्हा सैल. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस वेळ घालवतोय. घासण्याला वेळ कमीच लागतो. तार लावून ऐकण्यात जातो तो वेळ. कानशीनं उतार आला की पातीनं खरवडायचं, मग बारीक पॉलिश पेपर. सगळ्यात अवघड असतं चार तारांना एका घरात नांदायला लावणं. जोडाच्या दोन तारा सख्ख्या बहिणी, त्या लवकर ऐकतात. पंचमाची तार तोऱ्यात असते. खर्ज शेवटी. खर्ज बरोबर बोलू लागला की त्याच्या पोटातून गंधार वर येतो. तंबोऱ्यात गंधाराची तार नसते, तरी तो ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. हा खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर. पट्टीनं मोजून जवारी काढता येत नाही. गंधार आला की थांबायचं. आणि थांबता येणं हेच काम आहे. आणखी एक फटका मारावा असं वाटत असताना कानस खाली ठेवायची.

याच्यामागचं विज्ञान मला फार पुढं कळलं, आणि तेही एका गिऱ्हाइकानं सांगितलं म्हणून. ते भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, शौक म्हणून गायचे. त्यांनी सांगितलं, की चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली कलकत्त्याहून तंबोरा आणि वीणा यांच्या घोड्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला होता. प्रकाशावरच्या कामाबद्दल नोबेल मिळालं ते पुढं 1930 मध्ये. नियम असा, की तार जिथं छेडाल तिथं ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू पडतो ते उपस्वर निघायला नकोत. तंबोरा आपण साधारण तारेच्या मधोमध छेडतो. म्हणजे निम्मे उपस्वर, दुसरा, चौथा, सहावा, हे गायब असायला हवेत. तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येतात. रामन यांनी याचं कारण घोडीच्या त्या वळणदार पाठीत आणि तिच्यावरच्या सुतात आहे असं दाखवलं. प्राध्यापक रंगून सांगत होते. मी म्हटलं, सर, म्हणजे नियम मोडायचं काम आम्ही कानशीनं करतो. त्यांना ते फार आवडलं. पुढच्या वेळी त्यांनी मला तो निबंध छापून आणून दिला. इंग्रजीतला, मला सगळा वाचता आला नाही, पण आकृतीतली घोडी ओळखली.

गिऱ्हाइकं येतात ती मात्र नियम घेऊन येत नाहीत. ती म्हणतात, “पहिल्यासारखी करून द्या.” दर दहांतले आठ जण याच शब्दांत सांगतात. या ‘पहिल्यासारखी’चं काय करायचं हा माझ्या धंद्यातला खरा प्रश्न. सतारवाले निदान खुली हवी की बंद हवी एवढं तरी सांगतात. खुली म्हणजे झंकार जास्त, बंद म्हणजे आवाज गोळीबंद, आटोपशीर. तंबोऱ्याच्या बाबतीत प्रत्येकाच्या कानात एक जुना दिवस असतो आणि तो त्यांना परत हवा असतो.

एक ताई त्यांच्या आईचा तंबोरा घेऊन आल्या. आई गात असत, रेडिओवर आणि छोट्या मैफलींत. त्या गेल्यावर तंबोरा कपाटाच्या वर, गवसणीत. आता नात गायला लागली म्हणून काढला. दांडी सरळ होती, भोपळा शाबूत. घोडी सांबरशिंगाची. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असं शिंग आम्हाला मिळत नाही, आता उंटाचं हाड, शिसव, नाहीतर प्लॅस्टिक. तेव्हा ही घोडी जपायचीच होती. ताईंनी आईच्या गाण्याची कॅसेट बरोबर आणली. “याच्यात मागं ऐकू येतो ना, तस्सा आवाज पाहिजे.”

कॅसेट मी लक्ष देऊन ऐकली. आईंचा सूर काळी पाचच्या थोडा वरच लागत होता. कॅसेट जुनी झाली की तिचा वेग बदलतो, म्हणून त्या वरच्या सुरावर भरवसा ठेवता येईना. मागचा तंबोरा मायक्रोफोनपासून लांब, त्याच्या आवाजात अर्धी खोली मिसळलेली. त्यात आईंच्या एक शिष्या भेटायला आल्या. त्या म्हणाल्या, बाईंना बंद जवारी आवडायची, खुल्या जवारीला त्या ‘गोंगाट’ म्हणत. ताई चिडल्याच. “छे हो! मी शाळेतून यायचे तेव्हा जिन्यात ऐकू यायचा आमचा तंबोरा.” दोघी खोटं बोलत नव्हत्या. लेकीनं ऐकला तो पस्तिशीतल्या आईचा तंबोरा, शिष्येनं ऐकला तो साठीतल्या बाईंचा. वय वाढतं तसा गळा खाली येतो, सूर काळी पाचवरून काळी तीनपर्यंतसुद्धा उतरतो. सूर उतरला की तारेचा ताण उतरतो, तारेचं माप बदलतं, आणि त्याबरोबर जवारीही नव्यानं काढावी लागते. त्या एका घोडीवर किती जणांनी किती वेळा जवारी काढली असेल, घोडीला विचारायची सोय नाही. आणि प्रत्येकानं काढताना आधीची घालवलेली. दोघींपैकी कुणाची जवारी परत आणायची म्हटली तरी ती केव्हाच भुगा होऊन गेलेली.

म्हणून मी नातीला बोलावलं. तिचा सूर काळी चार. तिला समोर बसवून ‘सा’ लावायला सांगितला आणि तिच्या गळ्याला धरून तंबोरा लावला. जवारी मध्यम ठेवली, बंदकडं जराशी झुकलेली, कारण मुलीचा आवाज मुळात झारदार होता, त्याच्यावर आणखी झंकार घातला असता तर ती स्वतःला ऐकू आली नसती. ताई बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “हा आमचा नाही.” थोड्या वेळानं नात गाऊ लागली तेव्हा म्हणाल्या, “असू दे. काढू नका परत.” मला त्यांचं बोलणं पटलं. पुन्हा काढली असती तर घोडी तेवढी झिजली असती, एवढंच.

हे झिजणं मी सगळ्यांना सांगतो, आणि सांगून स्वतःचं नुकसान करून घेतो. घोडी म्हणजे खर्चायची वस्तू. दर जवारीला ती थोडी बुटकी होते, तारा तबलीच्या जवळ येतात, मग पायांखाली शिसवीची पट्टी घालून ती उचलावी लागते. किती उरली आहे ते मी बोटानं जोखून सांगतो, “अजून चार-पाच निघतील हिच्यातून.” काही गवई सवाई गंधर्व महोत्सवाआधी, डिसेंबर आला की, सवयीनं फोन करतात : जवारी काढून घ्या. बऱ्याचदा जवारी गेलेली नसतेच. पावसाळ्यात लाकूड फुगतं, थंडीत आवळतं, सूत जागचं हललेलं असतं. मी जातो, सूत सरकवतो, चहा पितो आणि येण्याजाण्याचे पैसे घेतो. कानस पिशवीतून बाहेर येत नाही. एका तरुण कलाकारांना याचा राग आला. त्यांना वाटलं, काम टाळतोय. जुन्या वाद्याला ‘रिस्टोर’ करायचंय म्हणून त्यांनी ते दुसरीकडं दिलं. तिथून ते आरशासारखं चकचकीत होऊन आलं. पॉलिशला मी नावं ठेवत नाही, तीही कला आहे. पण नव्या घोडीवरची जवारी इतकी सपाट झाली होती, की चारी तारा एकाच सुरात कण्हत होत्या. जुनी घोडी कुठंय विचारलं तर त्यांना माहीत नव्हतं. तिच्यात चार-पाच निघाल्या असत्या.

आता मोबाइलमधला तंबोरा सगळीकडं झालाय. मला त्याचा राग नाही. लोकलमधून येणाऱ्या मुलीनं पाच फुटी भोपळा कसा आणायचा? त्यातले चांगले आवाज खऱ्या तंबोऱ्यांचे ध्वनिमुद्रण करून केलेले असतात. म्हणजे कुठल्या तरी कारागिरानं कुठल्या तरी सकाळी काढलेली जवारी त्यात कायमची बसवलेली आहे. ती जात नाही, उतरत नाही, पावसाळ्यात फुगत नाही. विद्यार्थ्यांचा कान तीच जवारी ऐकून तयार होतो, आणि मग ते खरा तंबोरा घेऊन येतात आणि म्हणतात, ‘पहिल्यासारखी’. कोणती पहिली, हे विचारलं की फोन काढून ऐकवतात. कधी कधी मी ती जवारी ऐकून मान डोलावतो. चांगली काढलेली असते. कुणाचा हात, ते ॲपवाले सांगत नाहीत.

तंबोरा परत देताना मी चार गोष्टी बजावतो. तारा पूर्ण सैल करून ठेवू नका, घोडी जागेवरून हलवू नका, उन्हात ठेवू नका, आणि सूत म्हणजे कचरा नव्हे. शेवटची सूचना कुणी मनावर घेत नाही. ताईंच्या घरून श्रावणात फोन आला. नात म्हणाली, “काका, जवारी गेली. अगदी पत्र्यासारखा वाजतोय.” मी विचारलं, सूत आहे का जागेवर? “कुठलं सूत?” घरातल्या बाईंनी तंबोरा पुसताना तारांखालचे दोरे काढून टाकले होते, साफ. मी म्हटलं, शिवणाच्या डब्यातून पांढरा सुती दोरा घ्या, चार तुकडे करा, खर्जाखाली एक घाला आणि पुढून मागं आणत चला, मधेमधे छेडत राहा. पाच-सहा मिनिटं फोनवर खुडबुड चालली होती. “आला वाटतं! थांबा, फोन जवळ धरते, तुम्ही ऐकून सांगा.”

“फोनवरून मला कळायचं नाही,” मी म्हटलं. “तुम्हीच ऐका. गंधार आला की हात काढा.”